लाघवाचा हिशेब : प्रस्तावना

कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ, म्हणजे ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ, रचला. नेटबुक, लॅपटॉप आणि त्यांच्यासोबत बाळगायची साधने यांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना तिथून सुरू करण्याला कारण आहे. सिद्धांतग्रंथावरून ग्रहाचे स्थान काढायचे तर कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजावे लागत. त्या अहर्गणाचा आकडा एवढा लांबलचक असे की पुढच्या गुणाकार-भागाकारांतच गणक थकून जाई. गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले आणि अहर्गण चार आकड्यांत आणून ठेवला. ज्या-चापांची कोष्टके त्यांनी गणितातून काढूनच टाकली आणि त्यांच्या जागी साध्या अंकगणितात बसणाऱ्या रीती दिल्या. धूळपाटी आणि एक लहानशी पोथी एवढ्या सामग्रीवर गावातला जोशी वर्षाचे पंचांग करू लागला, आणि महाराष्ट्रात व त्याबाहेरही हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या वापरात राहिला. मोठे गणित एका माणसाला सोबत नेता येईल एवढे आटोपशीर करायचे, ही धडपड आपल्याकडे इतकी जुनी आहे. आजचा किलोभर वजनाचा लॅपटॉप हा तिचाच पुढचा टप्पा आहे.

परंतु लाघव फुकट मिळत नाही. काहीतरी सोडल्याशिवाय वस्तू हलकी होत नाही, आणि जे सोडले त्याची भरपाई कोणाला तरी, कधीतरी करावीच लागते. करणग्रंथांच्या परंपरेने हे उघडपणे मान्य केले होते. मध्यरेखा उज्जैनवरून जाते असे धरून ग्रह काढायचा. मग आपले गाव त्या रेखेच्या जितके पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तितका देशांतर-संस्कार, म्हणजे दुरुस्ती, द्यायचा. आणि वर्षे उलटता उलटता गणिताने आलेला ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह यांत अंतर पडू लागले की बीजसंस्कार देऊन ते मिटवायचे. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ यांचा लौकिकच मुळी स्वतः वेध घेऊन जुन्या ग्रंथांतली तफावत दाखवणारे ज्योतिषी असा होता. या पुस्तकाची भूमिका याच अनुभवावर उभी आहे. सोबत नेण्याच्या संगणकाचे पुरते वजन तराजूवर कळत नाही. तो बिघडला, जुना झाला, त्याची बॅटरी उतरली किंवा त्यातला मजकूर दुसरीकडे न्यायची वेळ आली, तर लागणारा संस्कार त्याच्या मालकाला आपल्या गावात, आपल्या ऐपतीत आणि आपल्या भाषेत देता येतो का, यावर ते ठरते. तो देता येत नसेल, तर ९०० ग्रॅमचा संगणकही जडच म्हटला पाहिजे.

उज्जैनमध्ये बसून हा विचार करणे सोपे जाते, कारण या प्रश्नाचे दुसरे टोक इथे शिप्रेकाठी दगडचुन्यात उभे आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे वेधशाळा बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी इथेही त्यांनी वेधशाळा उभारल्या. हातात धरायची पितळी यंत्रे त्यांना चांगली माहीत होती. ताटलीएवढ्या चकतीवरून वेळ, ताऱ्याची उंची आणि लग्न काढून देणारा ‘यंत्रराज’ हा तर त्या काळचा हातातला गणकच होता. पण पितळी यंत्राचा आस झिजतो, मध्य सरकतो, आकार लहान असल्यामुळे त्यावर कलांच्या खुणा करता येत नाहीत, अशी जयसिंगांची तक्रार होती. म्हणून त्यांनी यंत्रे जमिनीतच रोवली. तक्रार रास्त होती, तरी संस्कार दगडालाही चुकला नाही. सम्राट यंत्र या मोठ्या सूर्यघड्याळाच्या तिरप्या भिंतीची सावली बाजूच्या वर्तुळपादावर पडते ती उज्जैनची स्थानिक वेळ सांगते. घड्याळाची वेळ हवी असेल तर तिथल्या कोष्टकावरून फरक मिळवावा लागतो, कारण उज्जैन हे प्रमाणवेळेच्या रेखेच्या जवळजवळ पावणेसात अंश पश्चिमेला आहे आणि तेवढ्यानेच सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी वेधशाळेचा जीर्णोद्धार करवला, तेव्हा तिची व्यवस्था गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञाकडे आली. जड यंत्रांची निगा राखणाऱ्या याच आपट्यांनी ‘सर्वानंदकरण’ हा करणग्रंथही रचला. जड यंत्र आणि हलका ग्रंथ ही दोन्ही त्यांना एकाच कामाची साधने वाटली असावीत, आणि त्या कामाचा गाभा दुरुस्ती हाच होता.

सोबतचे साधन दुरुस्त कसे ठेवायचे, या प्रश्नाचे एक उत्तर मराठी राज्यकारभारातही सापडते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैन होती. फौज वर्षातले कित्येक महिने मुलूखगिरीवर असे, आणि फौजेबरोबर कारकून, दप्तर आणि हिशेबही फिरत. दप्तर या शब्दाचे दोन अर्थ आपण आजही बोलतो: कचेरीतले कागद आणि मुलाच्या पाठीवरची पिशवी. कागद कापडी रुमालात बांधले जात, आणि रुमाल हेच त्या कागदांच्या गठ्ठ्याचे नाव होऊन बसले. लेखणी फारशी न उचलता लिहिता येणारी मोडी ही त्या घाईच्या कारभाराची लिपी होती. हे फिरते दप्तर चालले याचे कारण त्यातली प्रत्येक वस्तू वाटेत दुरुस्त होत असे. बोरूचे टोक बोथट झाले की चाकूने तासायचे. शाई संपली की काजळी आणि डिंक घोटून नवी करायची. रुमाल फाटला की दुसरे फडके घ्यायचे. पुण्याहून सुटा भाग येईपर्यंत कोणत्याही कारकुनाला थांबावे लागले नाही. हातातल्या साधनाची डागडुजी हातानेच व्हावी, ही अपेक्षा त्या कारभारात इतकी गृहीत होती की ती कोणी लिहून ठेवण्याची गरजच पडली नाही. आज मात्र ती लिहून ठेवावी लागते, कारण गेल्या वीस वर्षांत ती हळूहळू विरत गेली आहे.

हलक्या आणि स्वस्त संगणकाचा अलीकडचा इतिहास भारतीय वाचकाला परका नाही. बंगळूरच्या संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी हातात मावणारा ‘सिंप्युटर’ तयार केला. तो भारतीय भाषांत बोलावा, अशी त्यामागे कल्पना होती. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, आणि भारतातला त्यांचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या छोट्या गावच्या शाळेत झाला. शंभर डॉलरची घोषणा होती, प्रत्यक्षात किंमत पावणेदोनशे डॉलरच्या पुढे गेली. आणि शिक्षकांच्या तयारीपेक्षा यंत्राच्या वाटपावर भर राहिला, ही त्या प्रकल्पावरची टीका योग्यच होती. पण त्या यंत्राची एक गोष्ट विसरू नये. उन्हात वाचता येईल असा त्याचा पडदा होता, अगदी थोड्या विजेवर ते चाले, आणि मुलांनी ते उघडावे म्हणून जादा स्क्रू त्याच्या मुठीतच भरून ठेवले होते. स्क्रू हरवणार, हे गृहीत धरून केलेला तो लॅपटॉप होता. त्याच वर्षी तैवानच्या असूसने ‘ई पीसी ७०१’ आणला: सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, ९२० ग्रॅम वजन. फिरणारी हार्ड डिस्क काढून टाकल्यामुळे धक्क्याचे भय गेले आणि लिनक्समुळे परवान्याचा खर्च वाचला. वर्षभरात इंटेलचा ॲटम प्रोसेसर आला, इतर कंपन्या त्याच वाटेने गेल्या आणि नेटबुक हा शब्द बाजारात रूढ झाला.

नेटबुकची लाट पाच-सहा वर्षांत ओसरली. २०१० मध्ये आयपॅड आला म्हणून ती ओसरली, असे साधारणपणे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण नेटबुक खंगण्याचे एक कारण त्याच्या आतच होते. सवलतीच्या दरात विंडोज हवे असेल तर नेटबुकमध्ये १ जीबीपेक्षा जास्त रॅम घालायची नाही आणि पडदा ठराविक मापापलीकडे न्यायचा नाही, अशा अटी घातल्या गेल्या. विंडोज ७ च्या स्टार्टर आवृत्तीत तर पडद्यावरचे पार्श्वचित्रही बदलता येत नसे. या मर्यादांचा वजनाशी काही संबंध नव्हता. त्या विक्रीच्या गणितातून आल्या होत्या, आणि त्या कंपन्यांनी ठरवलेल्या असल्याने त्यांवर संस्कार देण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे नव्हता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत वाजतगाजत आलेला ‘आकाश’ टॅबलेट सरकारला २,२७६ रुपयांना पडत होता. तिथेही गोष्ट तीच झाली: २५६ एमबी रॅम, बोट जोराने दाबावे लागणारा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी. पुढे आयआयटी मुंबईने सूत्रे हाती घेऊन सुधारलेली आवृत्ती आणली, परंतु ज्यांच्या हाती पहिली आवृत्ती पडली त्यांच्याजवळ ती सुधारण्याचा काही उपाय नव्हता. स्वस्त वस्तूत उणिवा राहणारच. त्या नंतर भरून काढायची वाट खुली ठेवली तर गरीब घरातही ती वस्तू टिकते.

आजचे चित्र पुष्कळ बाबतींत आशादायक आहे, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्याचेच वर्णन करतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिप आणली आणि पंख्याविना चालणारा, दिवसभर पुरणारा लॅपटॉप शक्य आहे हे दाखवून दिले. नंतर इतर कंपन्यांच्या चिपाही कमी विजेत जास्त काम करू लागल्या. २०२३ मध्ये भारतात १६,४९९ रुपयांना आलेला ९९० ग्रॅमचा जिओबुक पाहिला की नेटबुकची कल्पना, आता ४जी जोडणीसह, पुन्हा जिवंत झाल्याचे दिसते. टाइप-सी हे एकच तोंड चार्जिंग, पडदा आणि साठवण या तिन्ही कामांना चालते. युरोपीय संघाने लॅपटॉपसाठी सामाईक चार्जरची तारीख २८ एप्रिल २०२६ ठरवली, आणि भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमवर्क या कंपनीने पेटीत स्क्रूड्रायव्हर घालूनच लॅपटॉप विकायला सुरुवात केली. कमी वीज घेणारी रॅम काढता-घालता यावी यासाठी कॅम-२ नावाचे नवे मानक डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले. दुरुस्ती आणि लाघव एकत्र नांदू शकतात, याचे हे दोन ताजे दाखले आहेत.

याच वर्षांत उलटा प्रवाहही तितक्याच जोराने वाहतो आहे. पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर डाग देऊन कायमची बसवलेली असते. स्वस्त यंत्रांत तर साठवणही तशीच असते. अशा यंत्राला ४ जीबी रॅम असली की ती जन्मभर ४ जीबीच राहते. काही ठिकाणी बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते, आणि कळफलकाची एक कळ गेली तरी वरचे अख्खे आवरण बदलावे लागते. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे पडदा, कळफलक, प्रोसेसर सगळे ठणठणीत असलेले यंत्र एका तारखेनंतर असुरक्षित ठरते. त्यावर लिनक्स चढवून ते आणखी कित्येक वर्षे चालवता येते, पण ते चढवून देणारा माणूस जवळपास असावा लागतो. या सगळ्या गोष्टींचे वजन दुकानातल्या पाटीवर लिहिलेले नसते. ते दोन-तीन वर्षांनी, बहुतेक वेळा परीक्षेच्या तोंडावर, मालकाच्या खांद्यावर येते.

कोणता लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न उज्जैनमधल्या घरांत दरवर्षी ठराविक हंगामात उभा राहतो. मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देण्याची राज्याची योजना आहे. जुलै २०२५ मध्ये ९४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. तमिळनाडूसारख्या राज्याने तयार लॅपटॉप वाटले. मध्य प्रदेशाने पैसे देऊन निवड विद्यार्थ्यावर सोडली. मला ही दुसरी रीत अधिक आदराची वाटते. पण निवडीचा अधिकार आला की निवडीचे ज्ञानही हवे. इथल्या फ्रीगंज भागातल्या दुकानात उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना पडद्याचा आकार, रंग आणि सवलत एवढेच दिसते. त्या क्षणी यंत्र उलटे करून पाहायला कोणी सांगत नाही. तळाचे झाकण साध्या फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी लावलेले आहे का? आत रॅमची एखादी रिकामी खाच आहे का? एसएसडी छोट्या पट्टीची, एका स्क्रूवर बसणारी आहे, की बोर्डावर डागलेली? बॅटरीचा क्रमांक काय आणि ती इथे, नाहीतर इंदूरला तरी मिळते का? माळव्यातल्या मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर जातो, आणि उष्णता हा लिथियम बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. सतत शंभर टक्के भरून, चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी तर आणखी लवकर फुगते. म्हणून इथल्या मालकाला बॅटरी एकदा तरी बदलावी लागणार, हे धरूनच चालावे. या पाच मिनिटांच्या तपासणीवर पुढची पाच वर्षे अवलंबून असतात.

सोबतच्या साधनांनाही हाच न्याय लागू होतो. टाइप-सीची केबल हे त्याचे जवळून पाहण्यासारखे उदाहरण आहे. दोन केबली हातात घेतल्या तर तोंडे तंतोतंत सारखी दिसतात. एक फक्त फोन चार्ज करते आणि मजकूर संथ गतीने नेते. दुसरी पडदा चालवते, मोठ्या फायली क्षणात हलवते आणि लॅपटॉपला पुरेशी वीज पोचवते. ६० वॉटच्या वरची वीज न्यायची असेल तर केबलच्या तोंडातच एक छोटी चिप असावी लागते. ती चार्जरला आपली ताकद सांगते, आणि त्यानंतरच जास्तीचा प्रवाह सुरू होतो. ही चिप बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ‘६५ वॉटचा चार्जर लावला तरी बॅटरी पुरेशा वेगाने भरत नाही’ या तक्रारीत दोष चार्जरचा की लॅपटॉपचा, यावर घरात वाद होतो आणि मूळ कारण दोरीएवढ्या केबलीत लपलेले राहते. पण एकदा हे समजले की एक चांगला चार्जर आणि एक चांगली केबल घरातल्या दोन फोनांना, टॅबलेटला आणि लॅपटॉपला पुरते, आणि ती बिघडली तरी नवी कुठल्याही दुकानात मिळते. प्रत्येक लॅपटॉपच्या पिनेचा निराळा चार्जर शोधत फिरण्याचे दिवस त्यामुळे सरतील. टाइप-सीचे खरे मोल या अदलाबदलीच्या सोयीत आहे.

मजकुराचे वजन हा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे, आणि उज्जैनसारख्या गावातल्या मराठी माणसाला तो अधिक जाणवतो. इथल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत वर्षानुवर्षे कृतिदेवसारख्या फाँटांत टंकलेखन झाले. त्या फाँटात अक्षर दिसते देवनागरी, पण आत साठते ते रोमन चिन्ह. फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की सबंध पान अर्थहीन रोमन अक्षरांनी भरलेले दिसते. लॅपटॉप कितीही हलका असो, तो मजकूर एका जागी खिळलेला राहतो. युनिकोडने ही बेडी तोडली, आणि भारतीय मानक म्हणून ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने बहुतेक भारतीय लिप्यांना एकच मांडणी दिली. दुकानात मिळणाऱ्या लॅपटॉपच्या कळांवर बहुधा देवनागरी छापलेली नसते, तेव्हा इथला मराठी मुलगा हिंदीच्या सवयीने लिहू लागतो आणि ‘ळ’ च्या जागी ‘ल’ येऊन बसतो. खरे तर इन्स्क्रिप्टमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळेवर आहेत. शिफ्ट दाबली की ‘ळ’ उमटतो. ‘दर्‍या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक राखणारा, मराठीचे वैशिष्ट्य असलेला अर्धा ‘र’ देखील शिफ्टसह ‘र’ ची कळ, मग हलन्त आणि मग ‘य’ अशा तीन ठोक्यांत मिळतो. दोन दिवसांच्या सरावाचे हे काम आहे. कळफलकावर चिकटवायची देवनागरी अक्षरांची पट्टी हे बाजारातले सर्वांत स्वस्त साधन असेल, पण मराठी घरासाठी मी त्याला बाहेरच्या हार्ड डिस्कच्या पंक्तीत बसवतो. डिस्क मजकूर टिकवते, पट्टी तो मराठी ठेवते.

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा की आता फोन पुरतो, लॅपटॉपच्या लाघवाची चर्चा कालबाह्य आहे. फोनने पुष्कळ घरांत संगणकाची जागा घेतली हे खरे. पण वेधशाळेचेच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये तिथे ८५ फुटी मनोऱ्यावर विक्रमादित्य वैदिक घड्याळ बसले. त्यावरचा मुहूर्त आज फोनच्या ॲपवरही दिसतो. मुहूर्त पाहायला फोन पुरेसा आहे. वेधशाळा १९४२ पासून दरवर्षी ग्रहस्थितीचे जे पंचांग काढते त्याची कोष्टके करायला, तपासायला, छपाईसाठी जुळवायला मात्र कळफलक, मोठा पडदा आणि शेजारी-शेजारी उघडलेली दोन पाने लागतात. पाहणे आणि करणे यांतला हा फरक आहे. दुकानाचा वर्षभराचा हिशेब, प्रबंधाचे प्रकरण, प्रोग्रॅम, नकाशा ही सगळी करण्याची कामे आहेत. जो समाज आपल्या मुलांना केवळ पाहण्याची साधने देईल, त्याची मुले दुसऱ्याने केलेली पंचांगे वाचत राहतील.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे: डाग देऊन बसवलेली रॅम प्रोसेसरला जवळ असते, म्हणून ती वेगवान असते आणि वीज कमी खाते, खाचा, झाकणे आणि स्क्रू वाढवले की जाडी आणि किंमत वाढते. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. काही अतिशय पातळ यंत्रांत हा सौदा खरोखर फायद्याचा आहे, आणि ज्याला रोज विमानाने हिंडायचे आहे त्याने तो जरूर करावा. परंतु हे कारण रॅमला लागू पडते, बॅटरीच्या गोंदाला नाही आणि एसएसडीलाही नाही. एसएसडीची सर्वांत छोटी पट्टी बोटाच्या दोन पेरांहून लांब नसते. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता-घालता याव्यात असा नियम केला, तो अशक्य गोष्टीसाठी केलेला नाही. उलट २५,००० रुपयांच्या यंत्राला पातळपणाची घाई कशासाठी असावी? जयसिंगांनी अचूकपणासाठी वजन पत्करले. विद्यार्थ्याने टिकाऊपणासाठी दोनशे ग्रॅम पत्करले तर ते शहाणपणाचेच आहे. याच कारणाने या पुस्तकात कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या, झाकण उघडणाऱ्या, सुटे भाग सहज मिळणाऱ्या जुन्या लॅपटॉपांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

तिसरा आक्षेप म्हणतो की सगळे काही आता क्लाऊडवर आहे. यंत्र मेले तर दुसरे घ्यावे, त्याचा एवढा जीव कशाला लावायचा? क्रोमबुकसारखी यंत्रे या कल्पनेवरच उभी आहेत, आणि २०२३ मध्ये गूगलने त्यांना दहा वर्षे अद्ययावत ठेवण्याचे वचन दिले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण दुसरे घ्यावे, हा सल्ला ज्याला पहिल्याचे पैसे शासनाकडून मिळाले त्याला देता येत नाही. क्लाऊडवरचा मजकूर खात्याच्या संकेतशब्दावर, मासिक वर्गणीवर आणि त्या दिवशीच्या नेटवर्कवर अवलंबून असतो. सिंहस्थाच्या दिवसांत गावात लाखोंची गर्दी उसळते तेव्हा त्या नेटवर्कवर किती ताण येतो, ते इथल्या लोकांना ठाऊक आहे. शिवाय फेकलेले यंत्र कुठेतरी जातेच. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, तरी सर्वांत कमी कचरा तोच, जो झालाच नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू करून दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क मानला. तो हक्क कागदावरून फ्रीगंजातल्या दुरुस्तीच्या टेबलापर्यंत यायचा असेल तर ग्राहकाने तो मागायला हवा, आणि मागण्यासाठी त्याला शब्द माहीत हवेत.

ते शब्द मराठीत देणे हेच पुढील पानांचे काम आहे. सुरुवातीच्या प्रकरणांत यंत्राचे भाग आणि त्यांचे परस्परांशी नाते सांगितले आहे. मधल्या भागात बॅटरी, चार्जर, केबल, हब, बाहेरची साठवण आणि कळफलक. शेवटी खरेदीची तपासणी, जुन्या यंत्रावर लिनक्स चढवणे आणि जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणे. मॉडेलांची नावे मुद्दाम कमी ठेवली आहेत, कारण ती सहा महिन्यांत शिळी होतात. तपासणीचे प्रश्न मात्र टिकतात. वाचकाने हे पुस्तक दुकानात जाण्याआधी वाचावे, आणि नंतर लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवावे. नांदगावच्या जोश्याने आपल्या पाटीवर उज्जैनपासूनचे अंतर मांडले आणि आपल्या गावासाठी संस्कार स्वतःच दिला. त्यासाठी त्याला कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागली नाही. आपल्या मुलांच्या दप्तरातल्या या नव्या यंत्रालाही इथेच, आपल्या हाताने, तसा संस्कार देता यावा, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

उज्जैन